भरतीची धाव आणि उन्हाचा घाव

पहाटे पाचच्या सुमारास रिसोड, मालेगाव किंवा मंगरुळपीरच्या बाहेरच्या रस्त्यावर धावणारी मुले-मुली दिसतात. एकाच्या हातात मोबाइलचे स्टॉपवॉच, काहींच्या पायात बूट, काही अनवाणी. ही पोलीस आणि अग्निवीर भरतीची तयारी असते. मोठे उद्योग नसलेल्या, बहुतांश कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या वाशीम जिल्ह्यात घरातल्या एकाला वर्दी मिळाली, तरी घराचे दिवस पालटतात. त्यामुळे इथे धावणे हा खेळ आहे आणि रोजगाराचा मार्गही.

राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण असतात. त्यातले २० गुण मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावण्यासाठी मिळतात. काही सेकंदांनी गुण कमी-जास्त होतात. साहजिकच उमेदवार शरीराच्या मर्यादेपलीकडे जाऊन धावतो. एरवी खेळताना दमलेला मुलगा बाजूला बसतो. भरतीत मात्र तो थांबत नाही. धोका नेमका इथे आहे.

जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत उकाड्यात ५ किलोमीटर धावताना काही उमेदवारांचा मृत्यू झाला. पुढे हे अंतर कमी करण्यात आले. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये झारखंडमधील उत्पादन शुल्क शिपाई भरतीत पुरुषांना एका तासात १० किलोमीटर धावायचे होते. तिथे दहाहून अधिक तरुण दगावले. वरवर पाहता ही सगळी धडधाकट मुले होती.

असे का होते? धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग उष्णतेत बदलतो. ही उष्णता घामावाटे बाहेर पडते. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. मृगाच्या आधीच्या दमट हवेत तो वाळत नाही, अंगावरून ओघळतो. त्यातच स्नायूंना रक्त हवे असते आणि गार होण्यासाठी त्वचेलाही. रात्रभर एसटीचा प्रवास, अपुरी झोप आणि ‘अंग हलके राहावे’ म्हणून न प्यायलेले पाणी यामुळे ही ओढाताण आणखी वाढते. शरीराचे आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले, की मेंदू गडबडतो. मुलगा झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो, चिडतो, कोसळतो. हा श्रमजन्य उष्माघात.

म्हाताऱ्या माणसाला घरात बसून उष्माघात झाला, तर त्याचे अंग बहुधा कोरडे आणि तापलेले असते. धावपटूचे अंग मात्र घामाने चिंब असू शकते. ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हा समज घातक आहे.

अशा वेळी आधी गार करायचे, मग हलवायचे. १०८ क्रमांकावर फोन करावा, पण गाडी येईपर्यंत थांबू नये. रुग्णाला सावलीत न्यावे, बूट आणि कपडे सैल करावेत. जवळ हौद किंवा टाके असेल, तर दोघा-तिघांनी धरून, डोके पाण्याबाहेर ठेवून त्याला गळ्यापर्यंत गार पाण्यात बसवावे. ते शक्य नसेल, तर अंगावर सतत पाणी ओतावे, ओले पोते किंवा चादर टाकावी आणि जोराने वारा घालावा. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरले, तर जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, कारण हा जंतुसंसर्गाचा ताप नव्हे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. श्वास बंद असेल, तर लगेच छातीवर दाब देणे सुरू करावे.

दुसरा धोका स्नायूंचा. अचानक वाढवलेल्या श्रमाने स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यातले रंगद्रव्य मूत्रपिंडात अडकते. मांड्या विलक्षण दुखणे आणि लघवी कोऱ्या चहासारखी होणे ही त्याची खूण. अशी लघवी दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या अशा वेळी मूत्रपिंडावर आणखी भार टाकतात. ‘दम वाढवणारे’ म्हणून मिळणारे कोणतेही इंजेक्शन किंवा पावडर घेऊ नये. उत्तेजक औषधे शरीराची उष्णता वाढवतात आणि थकव्याची जाणीव मारतात. ती जाणीवच खरे तर जीव वाचवणारी असते.

विदर्भात सिकलसेलचाही विचार करावा लागतो. अमेरिकी लष्करातील सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांवरील अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सिकलसेल वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले नाही, मात्र श्रमाने स्नायू फुटण्याचा धोका सुमारे दीडपट होता. म्हणजे वाहकाने धावणे सोडायचे नाही. सराव हळूहळू वाढवायचा, पाणी भरपूर प्यायचे. आपण वाहक आहोत का, हे साध्या रक्ततपासणीत कळते. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते.

उन्हाची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाते, रक्तातले पाणी वाढते. म्हणून जाहिरात निघाल्यावर घाईघाईने सराव सुरू करण्यापेक्षा वर्षभर थोडे थोडे धावावे आणि अंतर दर आठवड्याला हळूहळू वाढवावे. ताप, जुलाब किंवा जागरण झाले असेल, त्या दिवशी जोराचा सराव टाळावा. धावताना कधी चक्कर येऊन पडले असेल, छातीत दुखले असेल किंवा घरात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला असेल, तर आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

सराव घेणाऱ्या प्रशिक्षकांनी आणि भरती घेणाऱ्यांनी मैदानाच्या कडेला पाण्याचे भरलेले टाके, बर्फ आणि ते वापरायला शिकलेली दोन माणसे ठेवावीत. त्याला फार खर्च येत नाही. भरती पुढच्या वर्षी पुन्हा निघेल. धावताना पाय लटपटले किंवा डोके हलके झाले, तर त्या वर्षीचे गुण सोडून द्यावेत आणि थांबावे.