मागच्या सीटवरची नोंद

उंबरमाळी हे मध्य रेल्वेवरचे, खर्डी आणि कसारा यांच्या मधले छोटे स्थानक. येथे उतरलेल्या माणसाला पाड्यावर न्यायला बहुधा घरचेच कोणी मोटारसायकल घेऊन येते. डांबर लवकर संपते, मग मुरूम, मग बांधालगतची वाट. त्याच वाटेने भाताची नि विटांची ट्रॉली जाते, कधी खडीचा डंपर, कधी जेसीबी.

बारा वर्षांपूर्वी अशाच एका वाटेवर समोरून आलेल्या ट्रॉलीचा कोपरा दादाच्या मागे बसलेल्या वहिनीला लागला. दादाला खरचटले, वहिनीचे कमरेचे हाड मोडले. दवाखान्यातल्या केसपेपरवर लिहिले गेले, ‘गाडीवरून पडून दुखापत’. ट्रॉलीचा उल्लेखच नाही. पुढे भरपाईचा विषय निघाला तेव्हा हे तीन शब्द आमच्या विरुद्ध उभे राहिले. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. त्या तीन शब्दांमुळे या विषयाच्या मागे लागलो आणि मिळेल ते वाचत गेलो.

एकाच गाडीवरच्या दोघांना वेगवेगळे का लागते, हा पहिला प्रश्न. चालवणाऱ्याच्या हातात हँडल असते, गुडघे टाकीला टेकलेले असतात आणि समोरचे त्याला दिसते. धडकेआधी क्षणभर का होईना, त्याचे अंग सावध होते. मागे बसलेल्याला समोर फक्त पाठ दिसते. त्यात आपल्याकडे बायका दोन्ही पाय डावीकडे सोडून एका बाजूला बसतात. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणजे समोरून येणारे वाहन उजवीकडून जाते. एका बाजूला बसलेल्या बाईची त्या वाहनाकडे पाठ असते. म्हणून मार कमरेला, ओटीपोटाच्या हाडांना, मूत्रपिंडाच्या जागी बसतो आणि तोल जाऊन ती पडते तेव्हा डोक्याचा मागचा भाग आपटतो. दोन्हीकडे पाय टाकून बसलेल्याचा उजवा गुडघा आणि पाऊल सापडते. ट्रॅक्टरच्या मागे कल्टिव्हेटर असेल तर त्याचे फाळ नेमके मांडीच्या उंचीवर येतात.

धडक नसतानाही मागच्याला धोका असतोच. पदर किंवा ओढणी चाकात जाते, लहान मुलाची टाच तारांत अडकते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम यासाठीच आहे : मागे बसणाऱ्यासाठी धरायला कायमची मूठ, पाय ठेवायला जागा आणि मागचे चाक निदान अर्धे झाकणारे संरक्षण हवे. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. शेतावर चिखल अडकतो म्हणून किंवा गाडी दिसायला बरी म्हणून तेच आधी काढले जाते.

आता नोंदीकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत मोटारसायकलस्वारांच्या दुखापतींना ‘व्ही २०’ ते ‘व्ही २९’ हे संकेत आहेत. त्यांतल्या बहुतेकांत पुढचा अंक १ असेल तर जखमी मागे बसलेला होता आणि अपघात सार्वजनिक रस्त्याबाहेर घडला. ५ असेल तर मागे बसलेलाच, पण रस्त्यावर. म्हणजे वहिनीसारख्या बाईसाठी जगाच्या वहीत वेगळा रकाना आहे. तो भरायचा तर कोण कुठे बसले होते, कशाने धडक दिली आणि कुठे, एवढे तिन्ही केसपेपरवर यावे लागते.

आकडे गोळा केले की मागची सीट किती मोठी आहे ते कळते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण दगावले. त्यांपैकी १४,३३७ मागे बसलेले होते.

कायद्यात वाटेचा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटतो. मोटार वाहन कायदा, १९८८ ‘सार्वजनिक जागा’ म्हणतो ती केवळ डांबरी सडक नव्हे. जिथे जाण्याचा लोकांना हक्क आहे असा रस्ता, वाट किंवा इतर जागा, असा तिचा अर्थ आहे. त्यामुळे ‘कच्च्या वाटेवर झाले, केस होत नाही’ हे गावात सर्रास ऐकू येणारे बोलणे जसेच्या तसे मानू नये. दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर मागे बसलेली व्यक्ती त्या वाहनाच्या दृष्टीने तिसरा पक्ष ठरते आणि त्या वाहनाच्या विम्यावर दावा करू शकते. चूक आपल्याच चालकाची असेल तर मात्र अडचण येते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तिलक सिंग प्रकरणात सांगितले, की केवळ कायद्यापुरत्या घेतलेल्या विम्यात मागे बसलेला फुकट प्रवासी येत नाही. तेव्हा घरच्या गाडीची पॉलिसी कोणती आहे, हे आजच काढून पाहावे. २०१९ च्या दुरुस्तीने दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदतही आणली. ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले असले, तरी आपण मुदत धरूनच चालावे.

अपघात झालाच तर १०८ ला फोन करावा, वाहणाऱ्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरावे, मान वळवू नये, जखमीला उगाच उठवून बसवू नये. शेणामातीची जखम झाकून ठेवू नये. ती लवकर धुऊन घ्यावी लागते, धनुर्वाताचे इंजेक्शनही लागते. पोटाला मार असेल तर ‘बरी आहे’ म्हणून घरी नेऊ नये. आतला रक्तस्राव काही तासांनीही उघड होतो. आणि केसपेपर हातात आला, की तिथेच वाचावा.

वहिनी अजून थोडी लंगडते. मागच्या उन्हाळ्यात पाण्याचा हंडा मांडीवर घेऊन डबलसीट येणाऱ्या शेजारच्या मुलीला डंपर घासून गेला. दवाखान्यात तिच्याबरोबर वहिनीच गेली. लिहिणाऱ्याला म्हणाली, “पडली नका लिहू, साहेब. मागं बसली होती, डंपरनं ठोकली, पाड्याच्या वाटंवर. असं लिहा.” त्यांनी तसेच लिहिले.