प्रसूत्युत्तर मस्तिष्कवाहिनी विकार आणि मेंदूतील रक्तप्रवाहाचे प्रतिमांकन

प्रस्तावना

प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतील डोकेदुखीचे निदान हा वैद्यकशास्त्रातील एक अवघड प्रश्न मानावा लागेल. जागरण, थकवा, कण्यात दिलेल्या भुलेचा परिणाम अशी तिची साधी कारणे पुष्कळ आहेत आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. मराठी घरांतून तर बाळंतिणीची नाना दुखणी ‘बाळंतरोग’ या एकाच शब्दात सामावली जात. परंतु वीज कोसळावी तशी अचानक उठणारी, मिनिटभरात परमावधीला पोहोचणारी आणि पुन्हा पुन्हा उलटणारी डोकेदुखी हा मेंदूच्या धमन्या आकुंचन पावत असल्याचा इशारा असू शकतो. यालाच प्रसूत्युत्तर मस्तिष्कवाहिनी विकार म्हणतात. तो विरळा असला तरी त्यातून आकडी, पक्षाघात वा रक्तस्राव उद्भवू शकतो. प्रस्तुत लेखात त्याच्या निदानातील रक्तप्रवाह-प्रतिमांकनाच्या स्थानाचे विवेचन केले आहे.

विकाराचे स्वरूप

कॉल, फ्लेमिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये धमन्यांच्या अशा तात्पुरत्या आकुंचनाचे वर्णन केले. पुढे २००७ मध्ये कॅलाब्रीज व इतरांनी निरनिराळ्या नावांनी ओळखले जाणारे हे विकार ‘रिव्हर्सिबल सेरेब्रल व्हॅसोकन्स्ट्रिक्शन सिंड्रोम’ या एका संज्ञेखाली आणले. प्रसूतिकाळ हे त्याचे एक प्रमुख निमित्त होय. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी दिली जाणारी अर्गटवर्गीय औषधे, तसेच दूध आटवण्यासाठी दिले जाणारे ब्रोमोक्रिप्टीन यांचाही त्याच्याशी संबंध आढळला आहे.

येथे एक अडचण आहे. आकुंचन प्रथम दूरच्या, बारीक धमन्यांत सुरू होते आणि नंतर मोठ्या धमन्यांकडे सरकते. साहजिकच पहिल्या आठवड्यातील अँजिओग्राफी निर्दोष दिसू शकते. वाहिनीचा आकार दाखवणारी प्रतिमा तोवर काहीच सांगत नाही.

रक्तप्रवाहाचे मापन

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायूचा वापर सुमारे २० टक्के. दर १०० ग्रॅम ऊतीला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागते. हे प्रमाण सुमारे २० च्या खाली गेल्यास पेशींचे कार्य थांबू लागते आणि १० च्या खाली पेशी मरू लागतात. या दोन आकड्यांच्या मधला भाग वाचवता येण्याजोगा असतो, हे महत्त्वाचे.

स्पेक्ट तपासणीत टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी मूलद्रव्याने चिन्हांकित केलेले द्रव्य शिरेतून देतात. ते काही मिनिटांतच रक्तप्रवाहाच्या प्रमाणात मेंदूत शिरते आणि तेथेच अडकून राहते. टेक्नेशियमचा अर्धायुष्यकाल ६ तासांचा असल्याने प्रतिमा नंतर घेतली तरी ती इंजेक्शनच्या क्षणाचाच प्रवाह दाखवते. अस्वस्थ वा आकडी येत असलेल्या रुग्णास आधी स्थिर करून मग यंत्राखाली नेता येते, ही तिची मोठी सोय. एमआरआयमध्ये गॅडोलिनियमयुक्त द्रव्य वापरतात, किंवा धमनीतील रक्तालाच चुंबकीय खूण करून त्याचा मागोवा घेतात. दुसऱ्या पद्धतीत बाहेरचे कोणतेही द्रव्य द्यावे लागत नाही. स्तनपान देणाऱ्या मातेच्या दृष्टीने ती विशेष उपयुक्त ठरते.

डॉप्लर तपासणी खाटेशीच आणि रोज करता येते. मात्र ती मोजते तो रक्ताचा वेग, प्रवाह नव्हे. बागेतल्या नळीचे तोंड अंगठ्याने दाबले की पाण्याची धार जोरात उडते, पण बादली भरायला अधिक वेळ लागतो. अरुंद धमनीतला वाढलेला वेग त्याच अर्थाने वाचावा लागतो.

निदानातील भेद

हा सारा खटाटोप उपचारासाठी आहे. तीच डोकेदुखी आणि तीच आकडी मेंदूच्या शिरांत रक्ताची गुठळी झाल्यानेही येते. तेथे रक्त पातळ करणारे हेपॅरिन हा मुख्य उपचार असून, त्या गुठळीमुळे मेंदूत रक्तस्राव झालेला असला तरी ते सहसा टाळले जात नाही. गर्भाक्षेपक प्रसूतीनंतरही उद्भवतो. तेथे मॅग्नेशियम सल्फेट आणि रक्तदाबाचे नियंत्रण आवश्यक असते. धमन्यांच्या आकुंचनात मात्र निमित्त ठरलेले औषध बंद करणे हे पहिले पाऊल. त्यात स्टेरॉइड दिलेल्या रुग्णांची प्रकृती अधिक बिघडल्याचे आढळले आहे. केवळ प्रवाह कमी दिसला म्हणून यांतला भेद ठरत नाही, कारण शिरेतील अडथळ्यानेही तो कमी होतो. शिरांचे चित्रण सोबत हवेच. प्रवाहाची प्रतिमा सर्व काही सांगते हा समज म्हणूनच सोडून द्यावा लागतो.

आकुंचन साधारणतः १२ आठवड्यांत मावळते आणि ते मावळल्याचे दुसऱ्या तपासणीत दिसल्यावरच निदान पक्के होते. आपल्याकडे बाळंतपण बहुधा माहेरी होते आणि दोन-तीन महिन्यांनी बाळंतीण सासरी परतते, म्हणजे नेमक्या त्याच सुमारास गाव, रुग्णालय आणि डॉक्टर बदलतात. पहिल्या तपासणीच्या मूळ प्रतिमा, नुसता अहवाल नव्हे, तिच्यासोबत गेल्या नाहीत, तर दुसरीची तुलना करण्यास काहीच हाताशी राहत नाही.