दोन भाते

मराठीच्या मास्तराने ॲमेझॉनच्या अरण्यातील हत्यारांवर लिहावे, हे वाचून माझे विद्यार्थी हसतील. खुशाल हसू देत! मागच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मेव्हण्याकडे इंग्लंडला गेलो होतो. तेव्हा ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात एका कपाटापुढून माझा पाय तासभर हलेना, आणि त्याला कारणही तसेच होते.

१८८४ साली स्थापन झालेल्या या संग्रहालयात वस्तू देशावार नव्हे, तर जातवार मांडल्या आहेत. हत्यारे वरच्या सज्ज्यात. धनुष्ये, गदा, भाले पाहत पाहत आम्ही फुंकनळ्यांपाशी आलो.

या नळीचे बारकाईने वर्णन केले ते चार्ल्स वॉटर्टन या विक्षिप्त जमीनदाराने. १८१२ साली तो आजच्या गयानातील अरण्यात शिरला, तो माकुशी लोकांचे बाणविष मिळवण्यासाठीच. नळी दहा-अकरा फूट लांब. आत एक गुळगुळीत, बिनगाठीचा वेत आणि त्याला जपायला बाहेरून ताडजातीच्या लाकडाचे कवच. बाण म्हणजे वीतभर काडी! मागच्या टोकाला रानकापूस गुंडाळलेला, म्हणजे फुंकर वाया जात नाही. भात्यात असे पाच-सहाशे बाण, आणि भात्यालाच पिराई माशाचा जबडा टांगलेला. बाणाचे टोक तासायला त्या दातांसारखी कानस दुसरी कोणती? शिकारी नळी तोंडाला लावतो आणि उंच झाडावरचा पक्षी आवाज न होता खाली येतो. विष रक्तात गेले तरच मारते. पोटात गेले तर बाधत नाही, म्हणून शिकार खुशाल खाता येते.

वॉटर्टनने नळी, बाण, विष सारे मायदेशी आणले. इतर संग्राहकांप्रमाणे तो ते भिंतीवर टांगून स्वस्थ बसला असता, तर हा लेख येथेच संपता. पण १८१४ साली लंडनमध्ये एका गाढवीला ते विष टोचण्यात आले. दहा मिनिटांत ती मेल्यासारखी पडली. तेव्हा तिच्या श्वासनलिकेला छेद देऊन दोन तास भात्याने वारा भरला, आणि गाढवी उठली! पुढे वॉटर्टनच्या वाडीत ती १८३९ पर्यंत सुखाने चरत होती.

येथे माझ्यातला मास्तर जागा झाला. बाणांचा तो भाता आणि लोहाराचा तोही भाता! एकाने श्वास नेला, दुसऱ्याने परत आणला. आपल्या भाषेने दोघांना एकच नाव देऊन ठेवले आहे.

हे विष, म्हणजे क्युरारे, स्नायूंना मिळणारा मज्जातंतूंचा हुकूम अडवते. माणूस मरतो तो श्वासाचे स्नायू थांबल्यामुळे; हृदय तोवर चालूच असते. १९४२ साली माँट्रियलमध्ये डॉ. ग्रिफिथ आणि डॉ. एनिड जॉन्सन यांनी ते शस्त्रक्रियेत स्नायू सैल करण्यासाठी वापरले. आज मूळ क्युरारे मागे पडले. त्याच धर्तीची नवी औषधे आली.

तीन वर्षांपूर्वी आमच्या सौ.चे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी माझी सही घेताना सांगितले होते, “स्नायू सैल पडायचे औषध देणार. तेवढा वेळ श्वास यंत्र देईल.” बाहेरच्या बाकावर बसून मी तेवढा वेळ स्वतःचेच श्वास मोजत होतो. ते औषध कोणाच्या कुळातले, हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते.

कपाटापुढे मी तिला ही सारी हकिकत सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अहो, पण ही नळी केली कोणी?”

मी वाकून चिठ्ठी वाचली. आणणाऱ्याचे नाव होते, साल होते, जमातीचे नावही होते. करणाऱ्याचे नव्हते.

“बघू,” म्हणून तीही वाकली. तिच्या श्वासाची वाफ काचेवर धरली. तिने ती पदराने पुसली आणि चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.