शून्य मैलाचा दगड

नागपूरच्या विधान भवनाजवळ वाळूच्या दगडाचा एक स्तंभ आहे आणि सोबत चार घोडे आहेत. 'झिरो माईल' हे त्याचे नाव आता मेट्रोच्या स्थानकालाही मिळाले आहे. हा भारताचा मध्यबिंदू, असे नागपूरकर पाहुण्याला अभिमानाने सांगतो आणि पाहुणा फोटो काढतो. पण स्तंभ १९०७ सालचा. तेव्हा ब्रह्मदेश हिंदुस्थान सरकारच्या कारभारात होता. १९३७ साली तो वेगळा झाला, १९४७ साली फाळणी झाली. देशाची हद्द दोनदा बदलली, दगड मात्र जागचा हलला नाही. तेव्हा मध्यबिंदूची गोष्ट बाजूला ठेवलेली बरी. खरी गोष्ट तिच्यापेक्षा मोलाची आहे.

तिथे दोन निरनिराळी कामे एका आवारात आली आहेत. षटकोनी जोत्यावर हैदराबाद, चांदा, रायपूर, जबलपूर अशा गावांची मैलांतली अंतरे कोरली आहेत. हे रस्त्यांच्या हिशेबाचे शून्य. शेजारचा ठेंगणा दगड दुसऱ्याच खात्याचा. तो आहे जी.टी.एस.चा, म्हणजे महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, 'स्टँडर्ड बेंच मार्क'. त्याची नोंदलेली उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट. आकडा फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत जातो, हे ध्यानात घ्यावे.

हे सर्वेक्षण विल्यम लँब्टनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून सुरू केले. हैदराबादहून नागपूरकडे मुक्काम हलवत असताना २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. विदर्भातही हे फार थोड्यांना ठाऊक असते.

त्याच्या परंपरेतली खूण कशी असे? टेकडीच्या माथ्यावर खडकात किंवा पुरलेल्या दगडावर एक वर्तुळ, आणि मध्ये ठिपका. तो ठिपका म्हणजेच स्थानक; बाकी सारे बांधकाम त्याचे राखणदार. वर चौथरा, चौथऱ्याच्या मधोमध वेगळा खांब. खांब भोवतालच्या बांधकामाला चिकटू द्यायचा नाही, नाहीतर माणसांच्या पावलांचा हादरा थिओडोलाइटला लागतो. खांबाच्या माथ्यावर दुसरा ठिपका, खालच्याच्या बरोबर ओळंब्यात. वरचा दगड कुणी पायरीसाठी उचलून नेला, तरी जमिनीतला शिल्लक राहावा ही तजवीज. राखण बहुधा गावच्या पाटलाकडे असे. बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याशी आयुष्यभर झगडणाऱ्या गावाने, जो कुणाच्याच शेताची हद्द नाही असा दगड सांभाळायचा होता.

ठिपका 'कुठे' हे सांगतो. बेंच मार्क सांगतो 'किती उंच'. (शेअर बाजाराच्या बातम्यांतला 'बेंचमार्क' मूळचा इथला.) उंची मोजायची तर आधी शून्य हवे. त्यासाठी नऊ बंदरांवर भरती-ओहोटीच्या नोंदी वर्षानुवर्षे घेतल्या आणि पाण्याची सरासरी पातळी ठरवली. त्या नवांत कराची होते, कारवार होते, आणि आपल्या मुंबईचे अपोलो बंदरही. किनाऱ्यापासून पुढे सगळी पायपीट: दोन उभ्या मापपट्ट्या, त्यांच्यामध्ये आडवी रोखलेली दुर्बीण. मागच्या पट्टीवरच्या आकड्यातून पुढच्या पट्टीवरचा आकडा वजा करायचा, की तेवढी चढण कळली. मग मागची पट्टी पुढे न्यायची आणि पुन्हा तेच. असे शेकडो मैल. नागपूरचा दगड या साखळीची एक कडी आहे. समुद्राची पातळी त्याच्यापर्यंत चालत आलेली आहे.

आता उपग्रह असताना दगड कशाला, हा प्रश्न हमखास येतो. जीपीएस जी उंची देते ती पृथ्वीच्या एका गणिती आकारापासूनची असते, समुद्राच्या पातळीपासूनची नव्हे. महाराष्ट्रात या दोहोंतला फरक ५० मीटरांहून अधिक भरतो. शिवाय तो सगळीकडे सारखा नाही, म्हणून एकच आकडा मिळवून-वजा करून भागत नाही. पाणी गणिती आकार ओळखत नाही. कालव्याचा उतार, गटाराचा निचरा, पूररेषा ही सारी कामे समुद्रसपाटीच्या हिशेबाने चालतात, आणि उपग्रहाची उंची त्या हिशेबात बसवण्यासाठी बेंच मार्कच लागतात.

रस्ता रुंद करताना असा दगड फोडला, तर निदान तो गेला हे कळते. घात होतो तो चांगल्या हेतूने केलेल्या कामात: दगड उचलायचा, शेजारी नवा ओटा बांधायचा, त्यावर बसवायचा आणि रंग द्यायचा. अक्षरे शाबूत राहतात, उंची मात्र चुकीची होते. पुढे कुणी त्या आकड्यावर भरवसा ठेवून मापे घेतली, तर चूक साऱ्या कामात शिरते. जमीन शंभर वर्षांत खचली का, हे जुन्या आकड्याशी ताडून पाहण्याची सोयही त्या जागी उरत नाही.

अशा खुणा केवळ नागपुरात नाहीत. जुन्या पुलांच्या कठड्यांवर, रेल्वे स्थानकांत, देवळांच्या जोत्यांवर आणि सरकारी इमारतींच्या पायऱ्यांवर त्या कोरलेल्या आढळतात: वर रोमन लिपीत जी.टी.एस., खाली बी.एम., आणि मध्ये छिन्नीने काढलेली बोटभर खूण. पट्टी टेकवायची ती त्या खुणेवर.