ज्येष्ठांची सामूहिक सायकलफेरी : आरोग्य, सहभाग आणि शहराची कसोटी

लोकसंख्येतील ज्येष्ठांचे वाढते प्रमाण हे एकविसाव्या शतकातील भारतापुढील एक महत्त्वाचे स्थित्यंतर होय. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी आणि मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०५० मध्ये हे प्रमाण २०.८ टक्क्यांपर्यंत पोहोचेल. दर पाच भारतीयांमागे एक ज्येष्ठ, असे ते चित्र असेल.

आयुर्मान वाढले, परंतु वाढलेली वर्षे कशी जगली जातात, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. निवृत्तीनंतर माणसाच्या आयुष्यातून दोन गोष्टी एकाच वेळी कमी होऊ लागतात : शरीराची हालचाल आणि माणसांचा सहवास. शासकीय योजनांची रचना बहुधा निवृत्तिवेतन व औषधोपचार यांभोवती असते. या दोन उणिवा मात्र त्यातून सहसा निसटतात. समवयस्कांनी एकत्र येऊन ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मार्गाने, सावकाश केलेली सायकलफेरी या दोन्ही उणिवा एकाच वेळी भरून काढू शकते. म्हणूनच वरवर छंद वाटणारा हा विषय सार्वजनिक आरोग्य व नगररचना यांच्या अभ्यासातही लक्षणीय ठरतो.

सक्रिय वार्धक्याचे तीन आधारस्तंभ

जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये ‘सक्रिय वार्धक्य’ ही संकल्पना धोरण-आराखड्याच्या रूपाने मांडली. आरोग्य, सहभाग आणि सुरक्षितता हे तिचे तीन आधारस्तंभ आहेत. त्याच वर्षी माद्रिद येथे वार्धक्यविषयक आंतरराष्ट्रीय कृती आराखडा स्वीकारण्यात आला. भारताने त्यापूर्वीच, १९९९ मध्ये, वृद्धांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले होते. पुढे २००७ मध्ये माता-पिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम संमत झाला. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे ‘निरोगी वार्धक्याचे दशक’ म्हणून घोषित केले आहे. सायकलफेरीचे मूल्यमापनही याच तीन कसोट्यांवर करणे उचित ठरते. पहिल्या दोन कसोट्या गट स्वतःच्या बळावर पूर्ण करू शकतो. तिसरी मात्र शहरावर अवलंबून असते.

बोलता येईल तो वेग

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी, तसेच ६५ वर्षांवरील व्यक्तींनी, आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेचा व्यायाम करावा. मध्यम तीव्रता ओळखण्याची एक सोपी खूण आहे. व्यायाम करताना माणूस सलग बोलू शकतो, परंतु गाऊ शकत नाही, तेव्हा ती तीव्रता मध्यम समजावी. बोलताना दर दोन-चार शब्दांनी धाप लागू लागली, तर ती तीव्र झाली असे मानावे.

सामूहिक फेरीचे मर्म येथेच आहे. गप्पा चालू राहतील असा वेग गटाने राखला, तर आरोग्यास हितकर असा वेगही आपोआप राखला जातो. संभाषण हे त्या फेरीतील वेगमापकच होय. एकटा स्वार अनेकदा घड्याळाशी स्पर्धा करतो किंवा कंटाळून घरी बसतो. गटात या दोन्ही टोकांना आळा बसतो; शिवाय एखादा सदस्य दोन वेळा दिसला नाही, तर त्याची चौकशी होते. एकाकीपणाच्या संदर्भात या चौकशीचे मोल मोठे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाने २०२५ च्या अहवालात जगातील दर सहा व्यक्तींमागे एक एकाकी असल्याचे नमूद केले असून, वर्षाकाठी सुमारे ८,७१,००० मृत्यूंशी एकाकीपणाचा संबंध जोडला आहे.

सायकल चालवताना शरीराचा बराचसा भार बैठकीवर राहतो. त्यामुळे गुडघ्यांना चालण्या-धावण्यातील आघात सोसावे लागत नाहीत. हृदय, फुप्फुसे व मांड्यांचे स्नायू यांना मात्र नियमित काम मिळते. ब्रिटनमध्ये ५५ ते ७९ वयोगटातील १२५ नियमित हौशी सायकलस्वारांची तपासणी करण्यात आली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांच्या स्नायूंचे वस्तुमान व बळ वयानुसार अपेक्षित तेवढे घटलेले आढळले नाही. रोगप्रतिकारक पेशींची निर्मितीही व्यायाम न करणाऱ्या समवयस्कांहून अधिक दिसून आली. अर्थात, हे स्वार वर्षानुवर्षे सायकल चालवणारे होते. साठीनंतर प्रथमच आरंभ करणाऱ्यास हाच लाभ होईल, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही.

सायकलस्वारीची एक मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. हाडांची घनता टिकवण्यासाठी त्यांवर भार पडणे आवश्यक असते आणि सायकलवर तो पुरेसा पडत नाही. म्हणून वरील मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल व बळ वाढवणारे विविधांगी व्यायामही सुचवले आहेत. सायकल ही चालण्याला पर्याय नव्हे, तर पूरक होय.

सर्वांत मागचा स्वार

संघटित सायकलस्वारीची परंपरा जुनी आहे. ब्रिटनमधील ‘सायकलिस्ट्स टूरिंग क्लब’ या संस्थेचा आरंभ १८७८ मध्ये झाला. पुढे तेथील स्थानिक गटांत निवृत्तांसाठी आठवड्याच्या मधल्या दिवशी, वाटेत चहापानासाठी थांबा घेणाऱ्या सावकाश फेऱ्यांची प्रथा रूढ झाली. अशा फेऱ्यांचा मूलभूत नियम एकच : कोणासही मागे सोडावयाचे नाही. एक अनुभवी स्वार सर्वांत पुढे राहून मार्ग व वेग ठरवतो. दुसरा सर्वांत मागे राहतो आणि कोणी त्याच्या मागे राहणार नाही, याची दक्षता घेतो. प्रत्येक वळणावर पुढचे मागच्यांसाठी थांबतात. गटाचा वेग सर्वांत मंद स्वार ठरवतो.

मराठी वाचकांना ही रीत अपरिचित वाटू नये. पंढरीच्या वाटेवरील दिंडी याच शिस्तीने चालते. नाशिकच्या सायकलस्वारांनी २०१० च्या दशकात सुरू केलेली नाशिक-पंढरपूर सायकलवारी ही या परंपरेची आधुनिक आवृत्ती म्हणावी लागेल. ज्येष्ठांच्या संघटनाचा वारसाही महाराष्ट्रात समृद्ध आहे. गावोगावच्या ज्येष्ठ नागरिक संघांना एकत्र आणणारा ‘फेस्कॉम’ हा महासंघ १९८० पासून कार्यरत आहे. महाराष्ट्राबाहेरही अशा संस्था आहेत. रायपूरचे महाराष्ट्र मंडळ १९३५ मधील आहे. सायकल गटासाठी नवी संस्था उभारण्याची गरज बहुधा नसते. अशा संस्थांतून आधीच असलेला विश्वास पुरेसा ठरतो.

तेलीबांधा : एक अभ्यासयोग्य परिसर

छत्तीसगडची राजधानी रायपूर ही तलावांसाठी ओळखली जाते. शहराच्या पूर्व भागातील तेलीबांधा तलावाच्या काठाचे गेल्या दशकात सुशोभीकरण झाले आणि ‘मरीन ड्राइव्ह’ या नावाने तो नागरिकांच्या फिरण्याचे ठिकाण बनला. तलावालगतच ‘जी. ई. रोड’, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड, हा शहराचा मुख्य मार्ग जातो आणि तेलीबांधा परिसरातून माना येथील स्वामी विवेकानंद विमानतळाकडे जाणारा ‘व्हीआयपी रोड’ फुटतो. शांत तळेकाठ व वेगवान महामार्ग यांमध्ये केवळ काही पावलांचे अंतर असल्याने ज्येष्ठांच्या सायकलफेरीपुढील संधी व अडचणी दोन्ही येथे स्पष्ट दिसतात.

तळेकाठ हे एकत्र जमण्यास उत्तम ठिकाण आहे. तेथे दिवे, बसण्याची सोय व चहा उपलब्ध असतो. मात्र तेथील वाट मुख्यतः पादचाऱ्यांची आहे. चालणाऱ्यांमध्येही ज्येष्ठ असतातच. त्यांच्यातून सायकली नेणे म्हणजे एका ज्येष्ठाच्या आरोग्यासाठी दुसऱ्याची सुरक्षितता पणास लावणे होय. म्हणजेच फेरी तळ्याकाठी सुरू झाली, तरी तिला रस्त्यावर उतरणे भाग आहे.

तेलीबांध्याहून विमानतळ परिसरापर्यंत जाऊन परतण्याचे अंतर ढोबळमानाने वीस किलोमीटर भरते. ताशी १२ ते १५ किलोमीटर या संवादास सोयीच्या वेगाने त्यास सुमारे दीड तास लागतो. आठवड्यातून अशा दोन फेऱ्या केल्यास १५० मिनिटांचे किमान उद्दिष्ट पूर्ण होऊन काही मिनिटे उरतातही. वेळेची निवड मात्र ऋतुमानानुसार करावी लागते. मे महिन्यात येथील कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. वयानुसार तहानेची जाणीव मंदावत असल्याने ज्येष्ठांनी सूर्योदयाबरोबर निघून ऊन चढण्यापूर्वी परतणे इष्ट. हिवाळ्यात उलट, अंधार व धुके टाळण्यासाठी उशिरा निघणे श्रेयस्कर ठरते.

सुरक्षितता : तिसरी कसोटी

२०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. तोल सावरण्यास लागणारा वेळ, मंदावलेली श्रवणशक्ती आणि ठिसूळ हाडे यांमुळे तरुणास खरचटण्यावर निभावणारा अपघात ज्येष्ठास अंथरुणास खिळवू शकतो. त्यासाठी गटाला काही दक्षता घेता येते. शिरस्त्राण, भडक रंगाचे कपडे, पुढे-मागे दिवे, घंटी व आरसा ही प्राथमिक साधने होत. चढता-उतरताना पाय उंच उचलावा लागू नये, म्हणून आडव्या दांड्याविना असलेली सायकल सोयीची. रहदारीच्या रस्त्यावर एकामागे एक चालावे. हृदयविकार, मधुमेह किंवा चक्कर येण्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

पायडलला साहाय्य करणाऱ्या विद्युत सायकलींमुळे दुर्बल स्वारही गटाबरोबर राहू शकतो. भारतात ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी कमाल वेगाच्या विद्युत सायकली विहित अटींच्या अधीन राहून मोटार वाहनाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. परंतु या साधनाबरोबर वेगही वाढतो. सायकलींसाठी जगप्रसिद्ध असलेल्या नेदरलँड्समध्ये २०१७ साली सायकलस्वारांचे मृत्यू (२०६) प्रथमच मोटारीतील प्रवाशांच्या मृत्यूंपेक्षा (२०१) अधिक झाले. या वाढीच्या चर्चेत विद्युत सायकल वापरणाऱ्या ज्येष्ठांचा प्रश्न ठळकपणे पुढे आला.

स्वारांनी कितीही दक्षता घेतली, तरी रस्त्याची उणीव तिने भरून निघत नाही. राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने २००६ मध्येच वाहनांऐवजी माणसांच्या वाहतुकीस प्राधान्य देण्याचे सूत्र स्वीकारले. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला; केंद्र शासनाने २०२० मध्ये शहरांसाठी ‘सायकल्स फॉर चेंज’ हे आव्हान जाहीर केले आणि डिसेंबर २०२४ पासून फिट इंडिया चळवळीअंतर्गत ‘संडेज ऑन सायकल’ हा उपक्रम सुरू झाला. रविवारचा उपक्रम सायकलविषयी आवड निर्माण करतो. सोमवारी सकाळी तोच रस्ता सुरक्षित असतो काय, हा नियोजनाचा प्रश्न आहे.

या बाबतीत तेलीबांध्याचा अलीकडचा इतिहास बोलका आहे. रायपूर-धमतरी नॅरोगेज लोहमार्ग येथून जात असे. २०१७ मध्ये रायपूर-तेलीबांधा हा त्याचा शहरातील भाग बंद झाला आणि त्या पट्ट्यावर द्रुतगती मार्ग उभारण्यात आला. इंग्लंडमधील ब्रिस्टल व बाथ यांमधील बंद पडलेला लोहमार्ग १९७९ ते १९८६ या काळात पादचारी व सायकल मार्गात रूपांतरित झाला होता. वाहतुकीचा ताण असलेल्या शहरास रस्ता हवाच असतो. तथापि सपाट, सलग असे जुने पट्टे पुन्हा लाभत नाहीत. त्यांच्या पुनर्वापरात सायकलीसाठी एक स्वतंत्र कडा राखण्याचा विचार आराखड्याच्या टप्प्यावरच होणे आवश्यक असते.

सायकल कोणाची?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील सुमारे निम्म्या कुटुंबांकडे सायकल आहे. छत्तीसगडमध्ये हे प्रमाण ७०.८ टक्के आहे. अर्थात, येथील रस्त्यांवर वयस्क सायकलस्वार आजही आहेत. परंतु त्यांतील अनेकजण गवंडी, फेरीवाले, पहारेकरी असतात. त्यांच्यासाठी सायकल हा छंद नसून उपजीविकेचे साधन आहे. हौशी ज्येष्ठांच्या गटाने सुरक्षित मार्गाची मागणी केली, तर तिचा सर्वाधिक लाभ या मूक स्वारांना होईल. किंबहुना, त्यांना वगळून आखलेला मार्ग केवळ शोभेचा ठरेल.

दुसरा प्रश्न स्त्रियांचा. आजच्या ज्येष्ठ पिढीतील असंख्य स्त्रियांना सायकल शिकण्याची संधीच मिळाली नाही. मात्र छत्तीसगडमध्ये २००४ च्या सुमारास सुरू झालेल्या सरस्वती सायकल योजनेतून शाळकरी मुलींना सायकली मिळू लागल्या. त्या वेळी चौदा वर्षांची असलेली मुलगी २०५० मध्ये साठ वर्षांची होईल. दर पाच भारतीयांमागे एक ज्येष्ठ असेल, असा अंदाज ज्या वर्षासाठी वर्तवला आहे, तेच हे वर्ष. तिला सायकल चालवता येत असेल. प्रश्न एवढाच की तोपर्यंत तिच्यासाठी रस्ता असेल काय.

सारांश, ज्येष्ठांच्या सामूहिक सायकलफेरीस खर्च अल्प लागतो. आरोग्य व सहभाग या दोन स्तंभांची जबाबदारी समाज स्वतः उचलू शकतो. सुरक्षिततेचा तिसरा स्तंभ उभारणे हे नगर प्रशासनाचे कर्तव्य होय. सत्तर वर्षांची व्यक्ती ज्या रस्त्यावर निर्धास्तपणे सायकल चालवू शकते, तो रस्ता शाळकरी मुलासाठी आणि कामगारासाठीही सुरक्षित असतो. गटाचा वेग ज्याप्रमाणे सर्वांत मागच्या स्वारावरून ठरतो, त्याचप्रमाणे शहराची प्रगतीही त्याच्यावरूनच मोजली जावयास हवी.