पिकअप किती ‘के’चा?

आपल्याकडे ‘पिकअप’ हा शब्द आधी मोटारसायकलवाल्यांचा. गाडीला पिकअप नाही म्हणजे मूठ पिळली तरी ती रडतखडत निघते. बेंजो पार्टीवाल्यांनी तोच शब्द वाद्यांत आणला. तारांखालचा पिकअप आणि टेम्पोवरचे भोंगे, एवढ्यावर अख्खी मिरवणूक नाचते. इलेक्ट्रिक गिटार घेणारी पोरं त्यानंतरची, आणि ती येताना मोटारसायकलचा अर्थ सोबत घेऊन आली. पिकअप जास्त तर दम जास्त. आणि दम मोजायचा कशाने? मल्टिमीटरने.

उल्हासनगरात मल्टिमीटर शेजारच्या घरात साखरेसारखा उसना मिळतो, त्यामुळे मोजायची हौस दांडगी. कॅम्प १ मधल्या माझ्या टेबलावर गिटार येते ती बहुतेक वेळा एकच वाक्य घेऊन. “काका, हा सहा केच दाखवतोय. सोळा के-चा टाकून द्या ना, ब्लूज वाजवायचाय.” के म्हणजे किलोओहम. गेल्या पावसाळ्यात अंबरनाथहून आलेल्या मुलाने तर आधीच सोळा के-चा हमबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, स्वतः टाके मारून बसवला होता. टाके बरे होते. तक्रार अशी की आवाज गोणपाटातून आल्यासारखा येतो. “पण काका, हा तर जुन्याच्या अडीच पट आहे ना?”

नाही रे बाबा. अडीच पट आहे तो फक्त त्या तारेचा रोध.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार वर थरथरली की वेढ्यांतून जाणारं चुंबकक्षेत्र हलतं आणि व्होल्टेज तयार होतं. ते किती, हे ठरतं वेढ्यांची संख्या, चुंबकाचा जोर आणि तारेपासूनचं अंतर यांवर. मल्टिमीटर यातलं काहीच मोजत नाही. तो डीसी करंट सोडतो आणि तांब्यातून जाताना त्याला किती अडथळा होतो ते सांगतो. गिटारच्या आवाजात डीसी नावालाही नसतो. पंख्याच्या वाइंडिंगचे ओहम मोजून पंखा वारा किती देईल हे कुणी सांगायला लागला, तर रिवाइंडिंगवाला त्याला चहा पाजून घरी पाठवेल. गिटारच्या बाबतीत मात्र तेच शास्त्र म्हणून खपतं.

रिवाइंडिंगवाल्याचा विषय निघालाच आहे तर तारेचं बोलू. स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) गिटारच्या पिकअपला वापरतात ती ४२ नंबरची तार, पण हा नंबर अमेरिकन वायर गेजचा. जाडी साधारण ०.०६३ मिलिमीटर. आपल्याकडे दुकानात नंबर चालतो तो स्टँडर्ड वायर गेजचा, आणि त्यात ४२ म्हणजे ०.१ मिलिमीटर. ‘४२ नंबर द्या’ म्हणून घेऊन आलात तर बॉबिन भरून वाहील आणि निम्मेही वेढे बसणार नाहीत. आपल्या हिशेबात त्या तारेच्या सर्वांत जवळची ती ४६ नंबर. घरी पिकअप गुंडाळायचा उत्साह असलेल्यांनी एवढं तरी भिंतीवर लिहून ठेवावं.

आता गंमत बघा. वेढे तेवढेच ठेवून तार ४२ ऐवजी एक नंबर बारीक, म्हणजे ४३ अमेरिकन गेजची घेतली, तर रोध साधारण चौथाईने वाढतो. वेढे तेवढेच, चुंबक तोच, म्हणजे व्होल्टेजही जवळपास तेवढंच. मीटर मात्र खूश. टेलिकास्टरच्या नेक पिकअपमध्ये नेमकी ही बारीक तार असते. म्हणून तो मीटरवर साताच्या पुढे दाखवतो, कधी कधी ब्रिज पिकअपपेक्षाही जास्त, आणि वाजवल्यावर मऊ नि हळू लागतो. सेमूर डंकनचा प्रसिद्ध ‘जेबी’ हमबकर सोळा के-च्या पुढे दाखवतो, त्यातही ४४ नंबरच्या तारेचा मोठा वाटा आहे. तो जोरकस आहे, यात शंका नाही. पण आठ के-च्या हमबकरच्या दुप्पट जोरकस? मुळीच नाही.

शिवाय तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला जवळपास ०.४ टक्के. जानेवारीत सकाळी २० अंशांवर ८ के दाखवणारा पिकअप मे महिन्याच्या दुपारी ३६ अंशांवर साडेआठ के दाखवेल. म्हणजे उन्हाळ्यात आपली गिटार आपोआप ‘हॉट’ होते म्हणायची. एका गृहस्थाने विक्रेत्याशी याच अर्ध्या के-वरून हुज्जत घातल्याचं मी पाहिलं आहे. दोघांपैकी कुणीही थर्मामीटर पाहिला नव्हता.

आणि जात वेगळी असेल तर आकड्यांची तुलनाच करू नये. गिब्सनचा पी-नाइंटी एकाच कॉइलमध्ये दहा हजारांच्या आसपास वेढे घेऊन आठ के दाखवतो. जुन्या धाटणीचा हमबकर दोन कॉइलमध्ये मिळून तेवढेच वेढे घेतो आणि तोही आठ के दाखवतो. एक खरखरीत, पुढे घुसणारा, दुसरा गोल आणि गुबगुबीत. मीटरला दोन्ही सारखे.

मग मोजायचं काय? जर्मन अभियंता हेल्मुट लेम्मे कित्येक वर्षं हेच ओरडून सांगतात, आणि मानफ्रेड त्सोलनर यांच्या इलेक्ट्रिक गिटारच्या भौतिकशास्त्रावरच्या जाडजूड ग्रंथातही तेच सापडतं. पिकअपचा स्वभाव ठरवतो तो इंडक्टन्स आणि त्याला जोडलेली धारिता (कपॅसिटन्स). दोघं मिळून एका विशिष्ट वारंवारतेला उंचवटा देतात, आणि त्या उंचवट्याच्या वरचं सगळं खाली ढासळतं. स्ट्रॅटच्या पिकअपचा इंडक्टन्स साधारण २.४ हेन्री असतो. गिटारच्या केबलची धारिता दर मीटर लांबीला शंभरेक पिकोफॅरड धरा. १० फुटी केबल लावली तर, पिकअपची स्वतःची थोडी धारिता मिळवून, उंचवटा ४,६०० हर्ट्झच्या आसपास येतो. २० फुटी लावली की तो ३,६०० च्या आसपास उतरतो. पिकअप न बदलता, नुसती वायर बदलून! त्या सोळा के-वाल्याचा इंडक्टन्स आठ हेन्रीच्या घरात जातो, म्हणजे १० फुटी केबलवरही उंचवटा अडीच हजारांवर. गोणपाट म्हणतात ते हेच. साधा एलसीआर मीटर आपल्या बाजारात मिळतो आणि तो हेन्री दाखवतो. मोजायची हौसच असेल तर तो घ्या.

‘पण काका, ब्लूजला जाड आवाज लागतो.’ कोणत्या ब्लूजला? टी-बोन वॉकरच्या ईएस-५ गिटारवर तीन पी-नाइंटी. बी. बी. किंगच्या ‘ल्युसिल’वर हमबकर. मडी वॉटर्सची लाल टेलिकास्टर. बडी गायची स्ट्रॅट, जी २०११ पासून सुरू झालेल्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलमध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत मुंबईकरांनी समोर उभं राहून ऐकली. चौघांत सामाईक असं काही शोधायचं तर यातला कुठलाच पिकअप सोळा के-वाला नव्हता. ब्लूजमध्ये अँप जेमतेम फुटण्याच्या काठावर ठेवतात. हळू छेडलं की स्वच्छ, जोरात छेडलं की किंचित कुरकुरणारा, आणि हा फरक हातात राहिला पाहिजे. फार जोरकस पिकअप अँपला पहिल्या सुरापासूनच काठाच्या पलीकडे ढकलतो. मग हळू नि जोरात यांत काही उरत नाही, सगळं एकाच पातळीवर ओरडतं. तुकाराम गाताना टाळकरी भजनीबुवांपेक्षा वर गेला तर जे होतं ते.

म्हणून ब्लूजसाठी बदलायचाच असेल तर जुन्या धाटणीचा, मध्यम वेढ्यांचा पिकअप पाहावा. स्ट्रॅटसाठी ४२ नंबरच्या तारेचा, साडेपाच ते साडेसहा के-चा. हमबकर असेल तर सात ते साडेआठचा. आता तुम्ही म्हणाल, शेवटी के-च सांगितले की! सांगितले, पण तार आणि जात ठरल्यावर. तेव्हाच त्या आकड्याला काही अर्थ येतो, जसा रक्तदाबाच्या आकड्याला माणसाचं वय कळल्यावर येतो.

जुन्या गिब्सन हमबकरविषयीही एक श्रद्धा आहे, की खऱ्या ‘पीएएफ’चा अमुकच आकडा असतो. सेथ लव्हर यांच्या या पिकअपच्या पेटंटचा अर्ज १९५५चा, पेटंट मिळालं १९५९ला. दरम्यान खाली ‘पेटंट अप्लाइड फॉर’, म्हणजे पेटंटसाठी अर्ज केला आहे, अशी चिठ्ठी चिकटवत, त्यावरून ते नाव. वेढे मोजण्यात तेव्हा इतकी ढिलाई होती की एकाच काळातल्या पिकअपांमध्ये एखाद्या के-चा फरक सहज सापडतो. लोक आज त्या ढिलाईची अचूक नक्कल करायला पैसे देतात.

बाकीचे गैरसमज झटपट उरकतो. सिरॅमिक चुंबक कर्कश असतो, असं म्हणतात. चुंबकाचा दोष नाही, त्याच्यासोबत बहुधा भरमसाट वेढे दिलेले असतात आणि बिल चुंबकावर फाडतात. अल्निको चुंबक वयानुसार विझत जातो, हे घरी ठेवलेल्या गिटारबाबत विसरा. मेण मुरवलं की टोन मरतो म्हणतात, पण मेण फक्त कॉइलचं शिट्टी मारणं थांबवतं. गिटारवादक पीटर ग्रीनच्या प्रसिद्ध लेस पॉल गिटारचा अनुनासिक आवाज पिकअप उलटा फिरवून बसवल्यामुळे आला, ही दंतकथा फार गोड आहे. हमबकर अर्धा फेरा फिरवून फेज बदलत नाही. त्यासाठी आतला चुंबक पालटावा लागतो किंवा वायरी.

घुमघुम मात्र जरा थांबून सांगतो, कारण ती इथलीच तक्रार आहे. सिंगल कॉइल गिटारमधून ५० हर्ट्झची घुम्म येते आणि पोरं पोकळीत तांब्याची फॉइल चिकटवत बसतात. फॉइलने ट्यूबलाइट-डिमरची चरचर कमी होते. ट्रान्सफॉर्मर आणि मोटारींच्या चुंबकक्षेत्राला ती दारात थांबवत नाही, त्याला हमबकर लागतो, म्हणजेच दोन कॉइल उलट जोडलेला पिकअप. दुसरं असं की उल्हासनगरच्या पत्त्यांवर अजून बॅरेक नंबर लिहितात. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या त्या बॅरेकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं राहिली, आणि घरं वाढत गेली तशी वायरिंगही तुकड्यातुकड्याने वाढली. भिंतीतल्या तिसऱ्या भोकात अर्थिंग असेलच असं धरू नका. तारांना हात लावला की घुम्म थांबते यात बिघाड नाही, पण हाताला झिणझिण्या आल्या तर अँप बंद करा आणि पिकअपवाल्याकडे नाही, इलेक्ट्रिशियनकडे जा.

अंबरनाथच्या मुलाकडे परत येतो. त्याचा जुना सहा के-चा पिकअप पिशवीत होताच. तो परत बसवला. मग स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातात दिला आणि शेवटची फ्रेट दाबून तार आणि पिकअपमधलं अंतर मोजायला सांगितलं. जाड तारांच्या बाजूला ते एक मिलिमीटरही नव्हतं. चुंबक तारेला खेचून धरत होता आणि सूर डळमळत होता. सोळा के-चा बसवण्याआधी त्याची जी तक्रार असेल ती बहुधा याचीच. जाड बाजूला अडीच आणि बारीक बाजूला दोन मिलिमीटरवर आणलं, केबल वीसची काढून दहाची लावली, आणि अँपचा गेन त्याच्या डोळ्यांदेखत निम्म्यावर आणला. तो बराच वेळ एकच बेंड ओढत बसला, आधी हळू, मग जोरात, मग परत हळू.

सोळा के-चा तो हमबकर माझ्याकडेच पडून होता. शहाडच्या एका बेंजोवाल्याने गणपतीच्या आधी तो नेला. मिरवणुकीत छान वाजतोय म्हणतो.