ज्यू शाळेच्या मंडळावर आईबाप

मुलगी शाळेतून घरी येते, दप्तर कोपऱ्यात टाकते आणि रिकाम्या डब्याबरोबर एक चुरगळलेला कागद आईच्या हातात देते. कागदावर लिहिलेले असते की, शाळेच्या नियामक मंडळावरील पालकांच्या जागा भरावयाच्या आहेत. ज्या आईला वा बापाला उभे राहायचे असेल त्यांनी अमुक तारखेपर्यंत आपले नाव व स्वतःविषयी चार ओळी शाळेकडे पाठवाव्यात. आई तो कागद वाचते, भिंतीवरच्या कॅलेंडराशी टाचून ठेवते आणि चुलीकडे वळते. पण चुलीशी उभ्या उभ्या तिच्या डोक्यात विचार सुरू होतो : उभे राहावे का?

हे घर लंडनचे आहे आणि शाळा ज्यू समाजाची आहे. वाचकहो, सातासमुद्रापलीकडच्या एका लहान समाजाच्या शाळेतली ही निवडणूक आपल्याला कशाला, असे तुमच्या मनात येईल. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आपल्याकडेही शाळा व्यवस्थापन समित्या आल्या. तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे त्या कायद्यात लिहिले आहे. मी स्वतः एका शाळेच्या अशा समितीवर होतो. माझी निवड कशी झाली म्हणाल, तर एके दिवशी मला बोलावणे आले, चहा आला आणि पाठोपाठ सहीचे रजिस्टर आले. मी सही केली. दोन वर्षे मी सभासद होतो, आणि मला कोणी निवडून दिले हे मला शेवटपर्यंत कळले नाही. म्हणून दुसऱ्यांच्या घरी हे काम कसे चालते याविषयी मला कुतूहल वाटू लागले.

आधी थोडा इतिहास सांगतो. लंडनमध्ये 'ज्यूज फ्री स्कूल' म्हणून एक शाळा आहे. आज तिला नुसते 'जेएफएस' म्हणतात. ती १७३२ साली निघाली, म्हणजे आपल्याकडे थोरल्या बाजीरावाची कारकीर्द चालू होती तेव्हा. गरीब ज्यूंच्या मुलांना फुकट शिकवणे हा तिचा हेतू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रशियातून आणि पोलंडकडून छळाला कंटाळून हजारो ज्यू कुटुंबे लंडनच्या पूर्व भागात येऊन पडली. शिंपीकाम करावे, जोडे शिवावेत, एका खोलीत आठ जणांनी राहावे, अशी त्यांची स्थिती. १९०० च्या सुमारास या एका शाळेत चार हजारांच्या घरात मुले होती! रॉथशिल्डसारख्या धनिक घराण्यांनी तिला सढळ हाताने पैसा पुरविला. शाळेने मुलांना इंग्रजी शिकविले, कपडे दिले, माणसांत आणले. पण घरची यिद्दिश भाषा मात्र शाळेच्या दारातच सोडून यावी लागे. मोझेस एंजल नावाचे मुख्याध्यापक अर्धशतकाहून अधिक काळ तिथे होते आणि ती भाषा मुलांच्या तोंडून घालवावी असा त्यांचा कटाक्ष होता. मुलांच्या आईबापांना हे रुचते काय, असे विचारण्याची पद्धतच नव्हती. देणारा श्रीमंत आणि घेणारा गरीब, मग घेणाऱ्याने मत कशाला द्यावे? त्या काळच्या धर्मादाय शाळा सगळीकडे याच चालीने चालत.

पुढे दोन कायदे झाले. पहिला १९४४ चा. त्याने धार्मिक समाजांच्या शाळांशी सरकारने एक सौदा केला असे म्हटले तरी चालेल. शाळेचा चालू खर्च आणि शिक्षकांचे पगार सरकारने द्यायचे. इमारतीच्या खर्चातला काही वाटा त्या समाजाने उचलायचा. सुरुवातीला हा वाटा निम्मा होता, उतरत उतरत तो आज दहा टक्क्यांवर आला आहे. त्या बदल्यात शाळेचे धार्मिक वळण राखण्याचा, कोणाला प्रवेश द्यायचा हे ठरविण्याचा आणि शिक्षक नेमण्याचा अधिकार शाळेच्या नियामक मंडळाकडे राहिला. दुसरा कायदा १९८० चा. त्याने इंग्लंड-वेल्समधील सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांच्या मंडळांवर पालकांनी निवडून दिलेले पालक असलेच पाहिजेत असे ठरविले. म्हणजे शाळा स्थापन झाल्यावर सुमारे अडीचशे वर्षांनी आईबापांना मत मिळाले!

आता मंडळाची बेरीज-वजाबाकी करून पाहू. ती करण्याजोगी आहे. हल्लीच्या नियमाप्रमाणे अशा शाळेच्या मंडळावर मुख्याध्यापक एक, शिक्षक व नोकरवर्गाचा प्रतिनिधी एक, स्थानिक नगर-शासनाने सुचविलेला एक आणि निवडून आलेले पालक किमान दोन. झाले पाच. उरलेले सभासद शाळा ज्यांनी स्थापिली त्या संस्थेने नेमलेले. त्यांना 'फाउंडेशन गव्हर्नर' म्हणतात. आपण स्थापकांचे प्रतिनिधी म्हणू. त्यांची संख्या बाकी सगळ्यांच्या बेरजेपेक्षा दोनने जास्त असलीच पाहिजे. पाच अधिक दोन, सात. एकंदर मंडळ बाराचे. त्या बारांत पालकांचे निवडून दिलेले दोन! तेव्हा मताच्या जोरावर पालक तिथे काही पालटू शकेल हा भ्रम कोणी बाळगू नये. कायद्याने तो मुद्दामच तसा ठेवलेला नाही. शाळेचे वळण स्थापकांच्या हाती राहावे, हाच १९४४ च्या सौद्याचा गाभा होता. स्थापकांच्या सातांतही काही जण त्याच शाळेतल्या मुलांचे आईबाप असू शकतात. पण ते नेमलेले, निवडलेले नव्हेत.

मग एवढे कळूनही ती आई का उभी राहील?

आधी निवडणूक कशी होते ते पाहा. पालक म्हणजे ज्याचे मूल त्या घटकेला शाळेच्या पटावर आहे तो. शाळेत वर्षाकाठी पाचशे तासांहून अधिक पगारी काम करणाऱ्याला किंवा नगरसेवकाला पालकांच्या जागेसाठी उभे राहता येत नाही. जागांपेक्षा उमेदवार जास्त झाले तरच मतदान, आणि ते गुप्त मतदान. मतपत्रिका बंद पाकिटात घालून मुलाच्या हातीसुद्धा परत पाठविता येते. विचार करा, सात वर्षांचे पोर खाऊच्या डब्याशेजारी निवडणूक घेऊन चालले आहे! निवडून आल्यावर मुदत बहुधा चार वर्षांची. मधेच मूल शाळा सोडून गेले तरी मुदत पुरी करता येते. मानधन छदामाचे नाही. आणि कोणीच पुढे आले नाही तर मंडळ स्वतःच एखाद्या पालकाला नेमू शकते. मंडळाने नेमलेला पालक मंडळाला प्रश्न विचारील काय, हे तुम्हीच ठरवा.

शाळा ज्यू असल्यामुळे तारखा धरण्यातही कसरत असते. इंग्लंडमध्ये शाळेचे वर्ष सप्टेंबरात सुरू होते आणि ज्यूंचे मोठे सण नेमके सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात. आपल्या कोकणातले बेने इस्राएल लोक, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून आपण 'शनवार तेली' म्हणत होतो, या सणांना मराठीत 'नव्याचा सण' आणि 'दारफळणीचा सण' म्हणत. त्या दिवसांत शाळाच बंद, तिथे निवडणूक कसली? हिवाळ्यात लंडनला चारच्या आधी सूर्य मावळतो आणि शुक्रवारी सूर्यास्ताबरोबर शब्बाथ लागतो. म्हणून त्या दिवशी शाळा लवकर सुटते. शुक्रवारी संध्याकाळी मंडळाची सभा कोणी बोलावणार नाही.

आता मंडळापुढे येणारे प्रश्न. पहिला पैशाचा. सरकार गणिताच्या, विज्ञानाच्या शिक्षकाचा पगार देते. पण हिब्रू आणि धर्मशिक्षणाचे जे जादा तास असतात त्यांचा खर्च बहुतेक ज्यू शाळा पालकांच्या वर्गणीतून भागवितात. ही वर्गणी ऐच्छिक असते. ती मागता येते, वसूल करता येत नाही, आणि दिली नाही म्हणून मुलाला काढता येत नाही. पण तीन मुले शाळेत असलेल्या, भाड्याच्या घरात राहणाऱ्या बापाला 'ऐच्छिक' हा शब्द पत्राच्या कोणत्या ओळीत, किती ठळक छापला आहे याने फरक पडतो. स्थापकांचा प्रतिनिधी म्हणेल, वर्गणी घटली तर धर्मशिक्षणाचा एक शिक्षक कमी करावा लागेल, आणि त्याचेही म्हणणे खोटे नसते. त्या टेबलाशी ज्याच्या घरी ते पत्र येते असा एक तरी माणूस बसलेला असावा. मला विचाराल तर पालकाच्या जागेचे खरे मोल इथे आहे. मत एकच, पण पत्राचा मसुदा त्याच्यासमोर वाचला जातो.

दुसरा प्रश्न याहून खोल, आणि तो थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शाळेत जागा थोड्या आणि अर्ज पुष्कळ, तर पहिला हक्क कोणाचा? जेएफएसच्या मंडळाचा नियम होता की, सनातनी पंथाचे मुख्य रब्बी ज्याला ज्यू मानतात त्याला आधी. त्यांच्या शास्त्राप्रमाणे आई ज्यू असेल तर मूल ज्यू. आई जन्माने दुसऱ्या धर्माची असेल, तर तिने त्यांना मान्य असलेल्या रीतीने धर्म स्वीकारलेला हवा. एका मुलाचा बाप जन्माने ज्यू होता. आई मूळची कॅथलिक, ज्यू धर्मात आलेली, पण सनातनी पंथाला मान्य नसलेल्या रीतीने. घरी सगळे ज्यू पद्धतीने चाले. २००७ सालच्या प्रवेशात मुलाला जागा मिळाली नाही. बाप न्यायालयात गेला. १६ डिसेंबर २००९ रोजी निकाल लागला. कायद्याने धार्मिक शाळेला धर्मावरून पसंती देता येते, वंशावरून नाही. नऊ न्यायाधीशांपैकी पाचांनी म्हटले की, आईच्या जन्मावरून पारखणे हा वंशावरून केलेला प्रत्यक्ष भेदभाव आहे. चौघांना तसे वाटले नाही. मंडळातली माणसे वाईट हेतूची आहेत असे मात्र न्यायालयाने मानले नाही, आणि ते स्पष्ट शब्दांत सांगितले. नियम शेकडो वर्षांचा, हेतू शुद्ध, आणि तरीही मूल दाराबाहेर!

हा आईच्या वंशाचा प्रश्न आपल्या मराठी माणसांनाही चटका लावून गेला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कोकणातून आणि मुंबईतून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएलांच्या बाबतीत १९६२ च्या सुमारास तिथल्या मुख्य धर्मपीठाने असे ठरविले की, त्यांच्याशी विवाह लावण्यापूर्वी आईकडच्या पिढ्या तपासाव्यात. शतकानुशतके शब्बाथ पाळलेल्या माणसांना हे किती झोंबले असेल! त्यांनी धरणे धरले, चळवळ केली, आणि १९६४ च्या ऑगस्टात इस्राएलच्या संसदेने ते सर्व बाबतींत इतरांच्या बरोबरीचे ज्यू आहेत असे जाहीर केल्यावर धर्मपीठाला ती सूचना बदलावी लागली. याच समाजाने मुंबईत १८७५ साली हाइम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने स्वतःची शाळा काढली होती. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. पुढे समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले आणि त्या बाकांवर बहुसंख्येने दुसऱ्या धर्मांची मुले बसू लागली. आपली मुले कोण, या प्रश्नाला तिथे काळानेच वेगळे उत्तर दिले.

लंडनकडे परत येऊ. निकालानंतर मंडळांना नियम बदलावे लागले. जन्म पाहायचा नाही तर आचरण पाहायचे. पण ते मोजायचे कसे? मग प्रमाणपत्रे निघाली. कुटुंब प्रार्थनामंदिरात किती वेळा गेले, मुलाने धर्मशिक्षण घेतले काय, समाजाचे काही काम केले काय, यांवर गुण. प्रवेशाच्या आधीचे काही महिने मंदिरात लहान मुलांच्या गाड्यांची गर्दी वाढली, असे लोक हसून सांगत. हसण्यासारखे आहेच. पण शनिवारीही पाळी असणाऱ्या परिचारिकेने काय करायचे? आजारी आजीला सोडून जाता न येणाऱ्या घराने काय करायचे? असा नियम ठरविताना वा बदलताना मंडळाने लोकांचे म्हणणे मागवावे लागते, आणि ते मागविण्याआधी मसुदा त्या बारा जणांपुढे येतो. २०१० साली लंडनच्या बार्नेट भागात सगळ्या पंथांच्या ज्यू मुलांना सामावून घेणारी एक नवी माध्यमिक शाळाही उघडली. तिचा विचार खटल्याच्या आधीपासून चालू होता.

एक गोष्ट उमेदवाराने आधीच समजून घ्यावी लागते. निवडून आलेला पालक हा पालकांचा वकील नव्हे. इतरांनी सांगितले तसेच मत दिले पाहिजे असे त्याच्यावर बंधन नाही, आणि सभेत गुप्त म्हणून झालेली चर्चा शाळेच्या फाटकाशी सांगण्याची त्याला मुभाही नाही. स्वतःच्या मुलाचे प्रकरण निघाले तर त्याने उठून बाहेर जायचे. फाटकाशी उभे राहून रखवालीची पाळी करणारे इतर पालक विचारतात, "काय ठरलं हो काल?" आणि हा म्हणतो, "इतिवृत्त मंजूर झालं की कळेल." यावरून मैत्री तुटण्याचेही प्रसंग येतात. बारांपैकी एक होऊन गप्प बसणे पुष्कळांना जमते. प्रश्न विचारून नंतर बाहेर गप्प राहणे कठीण.

त्या आईने रात्री भांडी आवरल्यावर कॅलेंडरावरचा कागद काढला आहे. स्वतःविषयी चार ओळी लिहायच्या आहेत. दोन मुले शाळेत, हिशेबनीसाचे काम करते, अंदाजपत्रक वाचता येते, एवढे लिहून ती थांबते. मग चौथी ओळ लिहिते : वर्गणीचे पत्र मला दर वर्षी येते. पाकीट बंद करून ती ते मुलीच्या दप्तरात, वह्यांच्या मधे, चुरगळणार नाही अशा बेताने ठेवते.